वहिनीचा वाटा

१

रोज सकाळी चहाचं आधण ठेवलं की वहिनी कपाटापाशी जायची. खालच्या खणात, जुन्या चादरींच्या मागे, प्लास्टिकच्या पिशवीत एक हिरवा स्वेटर होता. पिशवीची गाठ सोडायची, नाक आत घालायचं, एकच श्वास घ्यायचा आणि गाठ पुन्हा घट्ट मारायची. दुसऱ्या श्वासाचा मोह रोज व्हायचा आणि रोज ती तो आवरायची. वास काही विहिरीचं पाणी नव्हे, उपसलं की पुन्हा झिरपायला.

तिचा नवरा शिलाई मशीन दुरुस्त करायचा; वाकून वाकून त्याचा डावा खांदा कायमचा पडला होता. थंडी असो नसो, दुकानात अंगावर हाच स्वेटर. तो गेला त्याला वर्ष होत आलं होतं. फोटो होते, चपला होत्या, कानामागे खोचायची पेन्सिल होती. पण फोटोतला माणूस तिला हल्ली एखाद्या ओळखीच्या दुकानदारासारखा वाटायला लागला होता. खराखुरा असा तो उरला होता फक्त त्या पिशवीत. तेवढाही उडून गेला तर आपल्याकडे काय राहील, हा विचार ती करत नसे. केला की हातातलं काम खाली पडायचं.

घरात सध्या वन्सं मुक्कामाला होत्या. नवऱ्याची ही थोरली बहीण तोंडाची फटकळ, पण मनाची मोकळी. वहिनीला घराबाहेर काढायचंच, असा विडा उचलूनच त्या आल्या होत्या.

"गावाबाहेर व्हिस्कीची छोटी भट्टी आहे म्हणे," त्या म्हणाल्या. "त्यांचीच बस नेते. सगळं दाखवतात, चव देतात, परत आणून सोडतात. मी दोघींची नावं देऊन आलेय."

"वन्सं, मी कुठं पिते? आणि माझ्या गोळ्या चालू आहेत."

"मग नुसता वास घे. रोज सकाळी तेच तर चाललंय तुझं."

वहिनी गोरीमोरी झाली. म्हणजे यांना माहीत होतं तर.

निघायच्या दिवशी ती न्हाणीघरात गेली. बादलीपाशी पिशवी उघडी पडली होती, स्वेटर बाहेर होता आणि वन्सं साबणाच्या पावडरीचा डबा शोधत होत्या.

"अगं, कुबट झालाय तो. स्वच्छ धू, मग जन्मभर ठेव. मी काय टाकून दे म्हणते का?"

वहिनीनं स्वेटर उचलला आणि सरळ डोक्यावरून अंगात घातला. अंगावरचा कपडा तरी कुणी ओढून बादलीत टाकणार नाही. बाहेर बसचा हॉर्न वाजत होता.

२

बसमध्ये त्या दोघींखेरीज तिघंच होते. एक दातांचे डॉक्टर, अंगानं भरलेले, चढल्याचढल्या सगळ्यांची चौकशी करणारे. आणि एक नवं जोडपं, ज्यांना एकमेकांखेरीज कुणाची चौकशी करायची नव्हती.

भट्टीच्या दारात राखाडी कोटातली एक किडकिडीत बाई उभी होती. तीच सगळं दाखवणार होती. तिनं आधी सगळ्यांना एका छोट्या खोलीत नेलं. एका भिंतीवर रिकाम्या खुंट्या होत्या, दुसऱ्या भिंतीवर राखाडी कोट ओळीनं टांगलेले.

"तुमचे कोट, शाली, स्वेटर, सगळं या खुंट्यांना. आत आमचे कोट घालायचे. कुणी अत्तर लावलंय?"

"मी फक्त दंतमंजन," डॉक्टर म्हणाले. जोडप्यातली मुलगी खुदकन हसली. गाइडबाई हसल्या नाहीत.

"लोकर तर अजिबात नको," त्या म्हणाल्या. "लोकर वास धरून ठेवते. आणि आमचं लाकूड हावरट आहे."

वहिनीनं पाठ वळवली, राखाडी कोट स्वेटरवरूनच चढवला आणि गळ्यापर्यंत बटणं लावून टाकली. वन्संनी ते पाहिलं. त्यांनी डोळा मिचकावला. नियम मोडणाऱ्याच्या बाजूनं उभं राहायचं, ही त्या भावंडांची खोडच होती.

कोटाची कॉलर हनुवटीला लागली तेव्हा वहिनीला एक बारीकशी गोष्ट खटकली. परक्याचा कपडा म्हटला की त्याला काहीतरी वास असतोच. घामाचा, साबणाचा, निदान कपाटाचा. हे कोट तर येणाराजाणारा कुणीही घालत होता. पण या कोटाला कसलाच वास नव्हता. तिनं पुन्हा एकदा नाक खुपसून पाहिलं. पांढऱ्या भिंतीला नाक लावावं, तसं.

चांगली धुलाई असेल, तिनं स्वतःला सांगितलं. मशिनं हल्ली चांगली निघतात.

३

भट्टीची खोली तशी जिवंत होती. सातू भिजवलेल्या टाक्या खदखदत होत्या, आंबट ऊब सुटली होती आणि मधोमध तांब्याचं भलंमोठं भांडं मान वाकवून बसलं होतं. गाइडबाई सगळं नीट समजावत होत्या: सातूंना मोड कसे आणतात, ते कसे आंबवतात, वाफ कुठून चढते, थेंब कुठं पडतो. डॉक्टरांनी इतके प्रश्न विचारले की वन्सं कुजबुजल्या, "हा घरी जाऊन दवाखान्यातच भट्टी लावणार बघ."

वहिनीला हसू आलं. कितीतरी दिवसांनी आलं. वन्संचं हसणं थेट भावासारखं होतं, दातांतून हवा सोडत. तिला वाटलं, बरं झालं आलो.

मग एक जाड दार उघडलं आणि सगळे पिंपांच्या कोठारात शिरले.

तिथं सगळ्यात आधी कळलं ते आवाज बंद झाल्याचं. मागचं खदखदणं दारानं कापून टाकलं. खालची जमीन मातीची होती, उजेड पिवळट आणि दोन्ही बाजूंना माणसाच्या खांद्याएवढ्या उंचीपर्यंत आडवी रचलेली पिंपं. मधली वाट जेमतेम दोघांची. हवा गार आणि दमट होती, आणि एवढी व्हिस्की भोवती असून तिलाही वास असा नव्हताच.

"पिंपातली थोडी व्हिस्की दरवर्षी उडून जाते," गाइडबाई हळू आवाजात सांगू लागल्या. "भट्टीवाले त्याला देवदूतांचा वाटा म्हणतात."

"देवदूतांची मजा आहे बुवा," डॉक्टर म्हणाले. "आयतं मिळतंय."

"पण लाकूड फुकट काही देत नाही. उन्हानं फुगतं तेव्हा श्वास सोडतं. गारठलं की आत घेतं. जवळपास जे असेल ते."

सगळे कान देऊन उभे राहिले आणि मग वहिनीलाही ऐकू आलं. बारीक, संथ, सगळ्या बाजूंनी येणारं. शेजारच्या खोलीत कुणी गाढ झोपलेलं असावं, तसं. लाकूड कुरकुरतं, तिनं मनाला समजावलं. जुनी पलंगाची फळी नाही का कुरकुरत?

"तुम्हाला स्वतःला कुठला वास आवडतो?" जोडप्यातल्या मुलीनं गाइडबाईंना सहज विचारलं.

"मला आता येत नाही," बाई म्हणाल्या. "इथं काम करायचं तर तेच बरं."

४

गाइडबाईंच्या हातात एक लाकडी हातोडी होती. कुठल्या पिंपातून आज काढायची, हे त्या ठोकून ठरवत. हे त्यांचं रोजचंच काम दिसत होतं. ठोकायचं, कान लावायचा, पुढं जायचं. भरलेलं पिंप जड, बसका आवाज देतं. गळकं असेल तर पोकळ.

वहिनी वाट द्यायला बाजूला सरली आणि तिची पाठ मागच्या पिंपाला टेकली. गारवा कोटातून, स्वेटरमधून थेट कातडीपर्यंत आला. आणि मग पाठीला ओढ बसली. खिळ्यात लोकरीचा धागा अडकावा आणि आपण पुढं पाऊल टाकावं, अगदी तशी. ती झटकन वळली. खिळा नव्हता. पिंपाचं लाकूड गुळगुळीत होतं. कोटाला छिद्र नव्हतं. फक्त पिंपाच्या पोटावरचं बूच कडेनं ओलसर झालं होतं, झोपेत माणसाचं तोंड होतं तसं.

"काय गं?" वन्संनी विचारलं.

"काही नाही. अडकले होते."

गाइडबाईंनी तेच पिंप ठोकलं. आवाज आला तो बसकाही नव्हता आणि पोकळही नव्हता. ठक् झालं, आणि जरा थांबून आतून आणखी एक ठक्. बाईंची हातोडी हवेतच राहिली. त्यांनी पुन्हा ठोकलं. पुन्हा तसंच.

"प्रतिध्वनी," डॉक्टर समजूतदारपणे म्हणाले.

वहिनीला ती ठक् ओळखीची होती. घरी, स्वयंपाकघराच्या दाराच्या चौकटीवर नवरा रोज बोटाच्या पेरानं ठक् करायचा, आणि ती आतून ओट्यावर ठक् करून उत्तर द्यायची. मग तो आत येऊन बसायचा. संसारातला निव्वळ चावटपणा, कुणाला सांगण्यासारखाही नव्हे.

गाइडबाईंनी क्षणभर वहिनीच्या कोटाच्या बटणांकडे पाहिलं. पण डॉक्टर पेला सरसावून उभे होते. बूच निघालं, तांब्याची लांब नळी आत गेली.

५

चवीची खोली छान होती. लांब टेबल, मोठी खिडकी, पोट फुगलेले छोटे पेले. आधीच्या पेल्यांना सगळे रंगात आले. पद्धत अशी होती की पेला हलवायचा, नाकाशी धरायचा आणि जो वास येईल तो अजिबात न लाजता मोठ्यानं सांगायचा. मध, संत्र्याची साल, जळकं लाकूड. वहिनी प्यायली नाही, पण वास घेतले. तिलाही मध आला, जळकं लाकूड आलं. तिचं नाक उत्तम होतं.

शेवटचा पेला त्या पिंपातला होता.

"अरे वा," डॉक्टर म्हणाले. "लवंग. दाढेत धरलेली लवंग. आमच्या धंद्यातला वास आहे, मी चुकायचा नाही."

वहिनीनं मान वर केली. नवऱ्याची दाढ दुखायची आणि दातांच्या डॉक्टरकडं जायला तो लहान मुलासारखा घाबरायचा. वर्षानुवर्षं तोंडात लवंग.

"मला मशीनचं तेल येतंय," जोडप्यातला मुलगा म्हणाला. "खरंच. आजीच्या शिलाई मशीनला घालायचे ना, ते."

"मला दाढीचा साबण," त्याची बायको म्हणाली. "फेसाचा डबा नाही हं. वाटीतला, ब्रशनं लावायचा." आणि का कोण जाणे, ती लाजली.

वन्संनी पेला नाकाशी नेला. त्यांचे डोळे भरून आले आणि त्यांनी पेला एका घोटात रिकामा केला.

वहिनीनं आपला पेला उचलला. नाकाशी धरला. हलवला, पुन्हा धरला. त्यात काहीच नव्हतं. पाण्याला असतो तेवढाही वास नाही. तिनं कोटाची बटणं ओरबाडून उघडली आणि स्वेटरची कॉलर नाकावर ओढली. नवी कोरी लोकर. दुकानातल्या रचलेल्या मालासारखी. तिनं बाही हुंगली, कोपरावरचं ठिगळ हुंगलं, काखेत नाक घातलं. लोकांसमोर असं करू नये, याचं तिला भानच राहिलं नाही.

गाइडबाईंचा चेहरा पडला होता.

"थांबा, पिऊ नका," त्या म्हणाल्या, पण डॉक्टर पेला उपडा करून शेवटचा थेंब जिभेवर घेत होते आणि जोडप्याचे पेले केव्हाच संपले होते.

"स्वेटर कुणाचा?" बाईंनी वहिनीला विचारलं.

"माझ्या नवऱ्याचा."

"आहेत?"

"नाहीत."

बाईंनी वहिनीचा न प्यायलेला पेला अगदी जपून, थेंब न सांडता, एका बोटभर बाटलीत ओतला आणि बूच दाबून बसवलं. न पिणाऱ्यांना त्यांचा वाटा घरी द्यायची तिथं पद्धतच होती. पण बाटली देताना बाईंनी वहिनीची मूठ आपल्या हातांनी मिटली.

"हा वाटा दुसऱ्या कुणाला देऊ नका," त्या म्हणाल्या. "कुणीही मागितला तरी."

६

परतताना बसमध्ये कुणी बोलत नव्हतं. चढली असेल, वहिनीला वाटलं. ती मागच्या बाकावर वन्संशेजारी बसली होती. पुढच्या सगळ्यांच्या पाठी तिला दिसत होत्या.

आधी डॉक्टरांनी बसण्याआधी बाकाच्या पाठीवर ठक् केलं. असेल सवय. मग त्या मुलानं बायकोच्या पर्समधून पेन्सिल काढली, तिच्याकडे जरा वेळ बघितलं आणि कानामागे खोचली. असेल, पुष्कळजण खोचतात. मुलगी खिडकीला डोकं टेकून पेंगत होती. तिनं एकदम डोळे उघडले आणि मागं वळून वहिनीला विचारलं, "गॅस बंद केलास ना?"

"काय?"

"काही नाही," मुलगी गोंधळून म्हणाली. "मला वाटलं..." आणि तिनं पुन्हा डोळे मिटले.

नवरा हेच विचारायचा, पण यांचा त्याच्याशी संबंध काय? जगात कितीतरी माणसं गॅसची चौकशी करतात. वहिनी हे सगळं स्वतःला नीट बजावत होती आणि मुठीतली बाटली घामानं निसटायला बघत होती. तिनं नवऱ्याचा वास आठवायचा प्रयत्न केला. लवंग, तेल, साबण. शब्द आठवले. शब्दांच्या मागं काही आलं नाही. मग तिनं आवाज आठवून पाहिला. मग हात. प्रत्येक ठिकाणी खुंटी होती आणि खुंटीवर काही नव्हतं.

डॉक्टर त्यांच्या चौकात उतरले. डावा खांदा पाडून, जरा फेंगडे चालत गेले. सकाळी ते छाती काढून चालत होते. पुढच्या वळणावर जोडपं उतरलं, त्यांचेही डावे खांदे पडलेले. वहिनीला हुंदका फुटला. नवऱ्याला पोचवून आली त्या दिवशी तो एकदाच गेला होता. आज तो थांब्याथांब्यावर उतरत होता.

"चल, आलं घर," शेजारून वन्सं म्हणाल्या. "उतर, खारे."

वहिनी जागच्या जागी थिजली. घरातली प्रत्येक गोष्ट साठवून ठेवायची तिची सवय, म्हणून नवऱ्यानं तिला खार म्हणायला सुरुवात केली होती. दार बंद असतानाच, आणि तेही दबक्या आवाजात. वन्संना हे नाव माहीत असायचं कारण नव्हतं.

७

घरी आल्यावर वन्संनी चहा नको म्हटलं आणि त्या आतल्या खोलीत गेल्या. वहिनी बैठकीत उभीच राहिली. बाहेर अजून उजेड होता. शेजारी कुणीतरी गाद्या झटकत होतं. सगळं रोजच्यासारखं होतं आणि ती त्याला धरून राहू पाहत होती.

आतून आवाज यायला लागला. टिक, टिक. तेलाच्या डबीचा तळ दाबल्यावर येतो तो. मग चाक फिरल्याचा. तिनं पडदा किंचित सरकवला. वन्सं तिच्या शिलाई मशीनपुढं बसल्या होत्या, ज्यांना साधी सुई ओवता येत नव्हती त्या वन्सं. मशीनचं डोकं उलटं पाडलेलं होतं आणि त्यांची बोटं आत सराईतपणे चालली होती. डावा खांदा खाली.

वहिनीनं पडदा सोडला.

तेवढ्यात बेल वाजली. एक लांब, मग दोन तुटक. वर्षभर ती याच बेलची वाट पाहत होती. पोळी तव्यावर असताना, अंघोळीत असताना, झोपेतसुद्धा. तिचे पाय तिच्याआधी दाराशी गेले.

दाराच्या भोकातून तिनं पाहिलं. डॉक्टर होते. त्यांच्या मागे ते जोडपं. तिघं एकमेकांकडे बघत नव्हते. तिघांचे चेहरे ओशाळे होते, उशिरा घरी येणाऱ्याचे असतात तसे. कुणाची छत्री राहिली असेल. चुकून माझ्याकडे कुणाचं काही आलं असेल. ती कारणं शोधत राहिली.

"खारे," डॉक्टर म्हणाले.

"झोपलीस का गं?" मुलानं विचारलं.

"मी आलोय," मुलगी बारीक आवाजात म्हणाली.

आतलं मशीन थांबलं. पाठीमागे चौकटीवर ठक् झालं. "उघड की," वन्सं म्हणाल्या.

वहिनीनं मुठीतली बाटली पाहिली. बाटली तिनं सरळ धरली होती, पण आतलं सोनेरी पाणी सरळ नव्हतं. ते एका बाजूनं वर चढून तिरकं उभं होतं. दाराच्या बाजूनं.

तिला गाइडबाईंचं बोलणं आठवलं. तिला भीती वाटत होती. तिनं दाराच्या फटीला नाक लावलं आणि खोल श्वास घेतला. हा तोच आहे की दुसरं काही, हे एका श्वासात ओळखू शकेल अशी जगात ती एकटी होती. आज सकाळपर्यंत होती. फटीतून रंगाचा वास आला, धुळीचा आला. बाकी काही नाही. तो असला तरी तिला आता कळणार नव्हतं, आणि नसला तरीही.

बेल पुन्हा वाजली. एक लांब, दोन तुटक.

"थांबा," तिच्या तोंडून निघून गेलं, रोज निघायचं तसंच, "आले."

बाटली उजव्या हातात होती, म्हणून तिनं डाव्या हातानं कडी काढली.